कळवळा

"स्प्लांख्निझोमाई," मी व्यासपीठावरून म्हणालो. "या ग्रीक शब्दाच्या मुळाशी आतडी आहेत. आपण नुसतं 'कळवळा' म्हणून मोकळे होतो. बायबलातल्या गोष्टीत घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाला परत येताना लांबून पाहताच बापाचं आतडं तुटलं आणि म्हातारा भर रस्त्यात धावत सुटला. पोरगा माफी मागेल म्हणून दारात थांबून राहिला नाही."

शेवटच्या बाकावर माझी मुलगी एस्तेर बसली होती. आमच्या ख्रिस्ती मंडळीबाहेर लग्न करून गेलेली, सहा वर्षांनी आलेली.

उपासना संपल्यावर पाळकाने दाराशी उभं राहून प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. ती मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिली. मंडळीचे पंच बघत होते. सगळ्यांसमोर कबुली दिल्याशिवाय अशांना परत घ्यायचं नाही, हा नियम मीच दुसऱ्यांच्या पोरींना लावला होता.

"सलाम, बाबा." तिचा हात गार पडला होता.

"सलाम. पाहुण्यांच्या वहीत नाव लिहा."

पोटच्या पोरीला मी 'लिहा' म्हणालो. तिने उभ्याउभ्याच लिहिलं आणि फाटकाकडे चालू लागली. फाटक जेमतेम वीस पावलांवर. तिथे पोचल्यावर ती एकदा थांबली, वळून पाहिलं. मी दारातून हललो नाही.

सगळे गेल्यावर मी वही उघडली. पत्त्याच्या रकान्यात तिने आधी आमच्याच घराचा पत्ता लिहिला होता. मग तो खोडून खाली एकच शब्द लिहिला होता: बाहेरगाव.