मनगटावरचं फुलपाखरू

पावसाळा सरताना मालगुंडच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, रानफुलं फुलली, की उल्काताई कॅमेऱ्यात नवा रोल घालून सकाळच्या उन्हात एकट्याच गवतात पालथ्या पडून राहायच्या. जरा जवळ गेलं, की फुलपाखरू उडायचं. त्या दिवशी मात्र एक निळं फुलपाखरू आपणहून त्यांच्या मनगटावर येऊन बसलं. त्या श्वास रोखून बघत राहिल्या.

शेजारी गवत कापणारी चिमा हळूच म्हणाली, "बाई, काढा की फोटो! परत असं बसायचं नाय ते."

"नको गं. कॅमेरा उचलला तर उडेल."

"मग फोटोचं काय?"

"राहू दे. बसू दे त्याला." मनगट न हलवता उल्काताई म्हणाल्या, "आमचे हे गेल्यापासून अंगाला कुणाचा स्पर्शच नाही गं, चिमा."