मुशीचा कलश

शालिग्रामने नव्या मुशीवर सांडशीचं टोक आपटलं आणि कान जवळ नेला. चांदी गाळायची चांगली मूस टणकन वाजते. ही बद्द वाजली, ओल्या मडक्यासारखी.

त्याने दुसऱ्या अंगाने वाजवून पाहिली. तेच.

"आता काय झालं?" मागून किसनराव ओरडले. खामगावातली ही भट्टी त्यांची, आणि सकाळपासून ते घोड्यावर बसले होते. पाच वाजता मलकापूरच्या व्यापाऱ्याची माणसं चांदीच्या लगडी न्यायला येणार, आणि तीस किलो चांदीचा रवा अजून डब्यात तसाच.

"मालक, मूस वाजून नाई राह्यली. काल खोक्यातून काढली तवा घंटीवानी वाजत होती."

"मंग रातून तिले काय सर्दी झाली?"

ब्लोअरपाशी बसलेला जीवन खो खो हसला. किसनरावांचा एकुलता एक, चोवीस वर्षांचा. शालिग्राम हसला नाही. बावीस वर्षं भट्टीपुढे उभा असलेला माणूस मुशीची थट्टा करत नसतो.

तेवढ्यात जिन्यावरून जीवनची आई, आशाबाई, चहा घेऊन उतरल्या. मुशीकडे पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"पाह्यली का भाऊ, कशी पवित्र झाली! चाळीस दिवसांनी लक्ष्मी घरात आली, तिले तशीच आगीत घालाची का? रातभर देवापुढं कलश मांडला तिचा. काठोकाठ पाणी भरलं, आंब्याची पानं ठेवली, वर नारळ. सकाळी कोरडी पुसून आणून ठेवली."

शालिग्रामने नुकताच चहाचा कप हातात घेतला होता. त्याने तो तसाच खाली ठेवला.

"वैनी, रातभर पाणी?"

"हाव. काऊन?"

काय बोलावं या माऊलीला! दोष तरी काय द्यायचा? पूर्वी या गल्लीत मूस चहापत्तीसारखी उसनी मिळायची. आता मुशीला लागणारं ग्राफाइट बॅटरीच्या गाड्यांवाले उचलून नेतात. भाव दुप्पट, वर मिनतवाऱ्या. आपली मूस दुसऱ्याला द्यायला कुणी तयार होत नाही. जुनी मूस तळातून फुटली तेव्हापासून चाळीस दिवस किसनरावांची भट्टी थंडच होती. अशी वस्तू दारात आली की बाई पूजा करणारच.

"मालक, ग्राफाइट पाणी पेते," शालिग्राम म्हणाला. "वरून पुसलं तरी आतून ओलंच राह्यते. दोन दिवस मंद आचेवर सुकवू. मंग गाळतो."

"दोन दिवस? पाच वाजता माणसं येऊन राह्यली! हे गिऱ्हाईक गेलं तर परत पायरी चढणार नाई."

"तरी आज नाई."

"ग्लासभर पाण्यानं काय होते बे? भट्टीत घातलं की उडून जाईन!"

"उडूनच जाते मालक. पण मूस घेऊन उडते."

किसनरावांचा पारा चढला. "तुले करायचं नसंन तर रस्ता मोकळा आहे. जीवन! हातमोजे घाल. तू गाळ."

जीवन ताडकन उठला. सहा महिन्यांपासून तो याच संधीची वाट पाहत होता. कोपरापर्यंतचे जाड हातमोजे त्याने चढवले, आणि भट्टीचं झाकण सरकवलं. लाल उजेड थेट त्याच्या छातीवर पडला.

शालिग्रामने खुंटीवरचा शर्ट घेतला. तो दारापर्यंत गेला असेल नसेल, आशाबाई मागून धावल्या.

"भाऊ, खरं सांगा. खरंच फुटते का?"

"वैनी, उद्धव माझा लहाना भाऊ होता. त्याच्या मुशीत कोणी पाणी भरलं नव्हतं. पावसाची सादळली होती, तेवढीच. आच लागली, आतल्या पाण्याची वाफ झाली, मूस फुटली. सारी चांदी त्याच्या अंगावर." त्याने भट्टीकडे बोट केलं. "जीवनले वाचवा. मालक माझं ऐकून नाई राह्यले."

आशाबाई वळल्या. जीवन मुशीला सांडशी लावायला वाकला होता. त्यांनी त्याला कोपराने बाजूला सारलं, रात्री ज्या दोन हातांनी देवापुढे ठेवली त्याच हातांनी मूस उचलली आणि डोक्यावर नेली.

"अवं, पागल झाली का!" किसनराव झेपावले.

आशाबाईंनी ती दगडी फरशीवर आपटली.

तीन तुकडे झाले. एक घरंगळत भट्टीच्या पायाशी गेला. ब्लोअर तेवढा घरघरत राहिला.

"करंटे! चाळीस दिवस वाट पाह्यली! आता कुठून आणू मी?" किसनराव ओरडले. काहीतरी फेकून मारायला म्हणून त्यांनी जवळचा तुकडा उचलला. हात वर गेला, आणि तिथेच थांबला.

त्यांनी तुकडा खाली घेतला. जिथून मूस तुटली होती त्या जाड कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला होता, आणि ओला. त्यांनी तो धोतराला पुसला आणि पुन्हा फिरवला. पुन्हा ओला.

आशाबाई फरशीवर बसून रडत होत्या. किसनरावांनी भट्टीकडे पाहिलं, मग पोराच्या तोंडाकडे.

"जीवन," ते म्हणाले, "ते हातमोजे काढ बे."