कढीपत्त्याची कुंडी

पार्किंगमधल्या सभेत सगळ्यांचे हात वर होते. गच्ची बिल्डरला विकायची, तो वर दोन मजले चढवणार. पण ठराव एकमताने हवा होता आणि एकच जण यायचा बाकी होता. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे लोहोकरे काका कठडा धरत जिना उतरून आले.

"गच्चीच्या दुरुस्तीचंच ना? आमचं छत गळायचं थांबेल एकदाचं!" म्हणत त्यांनीही हात वर केला.

कुणाचाच हात खाली आला नाही. काकांनी सेक्रेटरी हिर्लेकरबाईंकडे पाहिलं.

"हो काका, गच्चीचंच," त्या म्हणाल्या.

रविवारी काका कढीपत्त्याची कुंडी घेऊन बाईंच्या दारात उभे. अख्खी बिल्डिंग गच्चीवर जाऊन याच झाडाची पानं खुडायची.

"कामगारांना अडचण नको. काम होईपर्यंत तुमच्या बाल्कनीत ठेवाल? मग परत वर नेईन." काका हसले. "तुम्ही मनावर घेतलंत, म्हणून झालं हो."

बाईंनी मान खाली घालून कुंडी घेतली.

संध्याकाळी आमटीसाठी मोहरी तडतडली. सवयीने त्या बाल्कनीत गेल्या, झाडाला हात लावला आणि तशाच परत आल्या.

"आज कढीपत्ता नाही?" जेवताना नवऱ्याने विचारलं.

"संपलाय," म्हणत बाईंनी उठून बाल्कनीचं दार लोटून घेतलं.