मेलेल्यांना निरोप

"माझ्या शोधनिबंधाला सकाळची वेळ दे, असं मी तुला तीनदा लिहिलं होतं," रोइमाता म्हणाली.

"अगं, पण सकाळी तूच तर आहेस," परिषदेचा संयोजक अॅलिस्टर म्हणाला. "तुझ्याशिवाय सुरुवात कशी होणार?"

तो खोटं बोलत नव्हता. परिषदेला जमलेल्या शे-दीडशे शास्त्रज्ञांत इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी एकटी तीच, त्यामुळे सुरुवातीची प्रार्थना आणि स्वागत ठरल्याप्रमाणे तिच्याकडे. कार्यक्रमपत्रिकेच्या मुखपृष्ठावरसुद्धा तीच होती, गुडघाभर पाण्यात उभी, हातात भलामोठा वाम मासा धरून हसणारी. तिचा निबंध मात्र उद्या संध्याकाळी, सगळ्यांत शेवटी होता. तोवर अर्धं सभागृह विमानतळावर पोचलेलं असतं.

पूरनियंत्रण मंडळाची माणसं तर आज चहा झाला की निघणार होती, आणि निबंध लिहिला होता तो त्यांच्याचसाठी. मंडळाचा पंप तिच्या गावच्या नदीच्या तोंडाशी बसलाय. वाम माशाच्या म्हाताऱ्या माद्या आयुष्यात एकदाच, अंडी घालायला समुद्राकडे निघतात, आणि त्या पंपाच्या पात्यांत चिरल्या जातात. माशांना सुखरूप पलीकडे सोडणारे पंपही मिळतात. जुना पंप बदलायचं घाटत होतं. नवा कोणता घ्यावा, एवढंच तिला सांगायचं होतं.

"मला पाच मिनिटं दे, अॅलिस्टर. निबंधासाठी."

"सुरुवातीला हवी तेवढी घे की. लोकांना तुमचं ते फार आवडतं." आणि तो माइक बघायला गेला.

भिंतीकडेच्या खुर्चीत पाएआ मावशी पाय पसरून बसली होती. भाषण झालं की आपल्या माणसानं उठून गाणं म्हणायचं असतं, नाहीतर भाषण उघडं पडतं. म्हणून दरवेळी मावशी गावाहून बसनं यायची.

"मागच्या वेळी भूकंपवाले होते," मावशी म्हणाली. "त्याआधी कोण गं ते?"

"शेवाळवाले."

"त्यांनी जेवायला तरी घातलं होतं. तुझा निबंध कधी ऐकणारेत?"

"उद्या."

"उद्या मी नाही. गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचंय."

"उद्या कुणीच नाही, मावशी."

ती व्यासपीठावर गेली. सगळे उभे राहिले, फोन खिशात गेले, माना खाली झुकल्या. पहिल्या रांगेत मंडळाचे मुख्य अभियंता ड्यूगल साहेब डोळे मिटून उभे होते, आणि अगदी मनापासून. तिच्या निबंधाला इतकी शांतता आजवर कधी मिळाली नव्हती.

आधी आकाश आणि धरणी. मग आपला डोंगर, मग आपली नदी. जिभेला सवयीचं होतं सगळं. त्यानंतर मेलेल्यांना निरोप द्यायचा असतो. वर्षभरात वारलेल्या प्राध्यापकांसाठी तिची चार वाक्यं पाठ होती. पण ती आठवेचनात. तिला इतका शीण आला होता की जे आत होतं तेच बाहेर आलं, आपल्या माओरी भाषेत, निरोपाच्याच सुरात.

"जा गं आज्यांनो, जा. चिखलात राहून ऐंशी-ऐंशी वर्षांच्या झालात. समुद्र एका वळणावर राहिला होता, खारा वास तुमच्यापर्यंत आला होता. पात्यांनी तुमचे तुकडे केले. मी ते बादलीत गोळा केले, पोटातल्या अंड्यांसकट. ज्यांनी पंप बसवला ते इथे माझ्यासमोर मान खाली घालून उभे आहेत. त्यांना ऐकू येऊ दे. जा, आज्यांनो. जा, जा, जा."

सभागृहातल्या माना तशाच झुकलेल्या राहिल्या. एकट्या मावशीनं मान वर केली.

पडद्यावर नेहमीच्या गाण्याचे शब्द झळकले आणि शास्त्रज्ञांनी घसे खाकरले. पण मावशीनं ते गाणं उचललंच नाही. शवपेटीमागून चालताना म्हणतात ते तिनं धरलं. दोघातिघांनी थोडं गुणगुणून बघितलं, मग सगळे गप्प झाले. रोइमाताचा आवाज शेवटच्या ओळीला कसाबसा फुटला.

चहाला मावशीनं स्कोन-पावावर साय थापली. "आज खरं बोललीस."

"कुणाला?" रोइमाता म्हणाली.

तेवढ्यात ड्यूगल साहेब कप सांभाळत आले. त्यांचे डोळे खरोखरच ओले होते. "डॉक्टर, एक शब्द कळला नाही, पण अंगावर काटा आला. गेलेल्यांसाठी होतं ना?"

"गेलेल्यांसाठीच. साहेब, ते तुमच्या पंपाबद्दल होतं. मला त्यावर पाच मिनिटं..."

"पंपासाठीच तर आलो मी," साहेब खुलले. "नवा आलाय. मागच्या आठवड्यात बसवलासुद्धा. हुबेहूब जुन्यासारखाच घेतला, भरवशाचा. पुढच्या महिन्यात सुरू करायचाय. उद्घाटनाला तुम्ही यायलाच हवं. आणि आत्ता म्हणालात ना, अगदी तेच म्हणा. एक शब्द बदलू नका."

रोइमातानं हातातला कप खाली ठेवला.

मावशीनं बोटांची साय पुसली. "येऊ की," ती म्हणाली. "दोघी येऊ. बादली आमची आम्ही आणू."