काळी पेस्ट

मिस्त्रीने नवा कॅमशाफ्ट, इंजिनात फिरणारा उंचवट्यांचा दांडा, कपड्यावर ठेवला आणि फळीवरचा तेलाचा डबा उचलला. मग तसाच परत ठेवला. कपाटातून त्याने काळ्या, घट्ट पेस्टची ट्यूब काढली.

शाळेची व्हॅन चालवणारी बाई शेजारीच उभी होती. चार महिन्यांत हा दुसरा कॅमशाफ्ट. तिचा दीर व्हॅनची किल्ली बोटाभोवती फिरवत होता. सोमवारपासून व्हॅन तोच चालवणार, असं घरात ठरलं होतं.

"वहिनी गाडी ताणतात हो फार," तो म्हणाला. "इंजिन तरी काय करणार बिचारं?"

"असेल माझंच चुकलं," बाई पुटपुटली.

मागच्या खेपेला हीच बाई हुज्जत घालून एकेक नट दाखवायला लावत होती. मिस्त्रीला वाईट वाटलं. वाईट कसलं, लाजच वाटली.

तिने ट्यूबकडे बोट केलं. "मागच्या वेळी हे नव्हतं ना? डब्यातलं तेल लावलं होतंत."

काम बघत उभं राहणारं गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप. 'हे आता नवीन आलंय' एवढं म्हटलं, तरी वेळ मारून नेता आली असती. मिस्त्रीने त्यासाठी तोंड उघडलंही. पण समोर ती किल्ली गरागरा फिरत होती.

"ट्यूब संपली होती," तो म्हणाला. "म्हटलं, गाडी लगेच सुरू करायचीय, तेलावर भागेल. मग गॅस्केट यायला आठ दिवस लागले, इंजिन तसंच पडून राहिलं. ही पेस्ट चिकटून राहते; तेल सगळं ओघळून गेलं आणि मी इंजिन कोरडंच सुरू केलं. शाफ्ट तेव्हाच घासला गेला. ताईंनी काही ताणलं नाही. माझा आळस नडला."

किल्ली थांबली.

"आणि वर मलाच म्हणालात, जपून चालवत जा," बाई म्हणाली.

"म्हणालो खरं."

मिस्त्रीने शाफ्टच्या प्रत्येक उंचवट्यावर बोटाने पेस्ट चोपडली, कुठे तसूभर जागा कोरडी ठेवली नाही.

दुपारी इंजिन जोडून झालं. "आता सुरू केलं की नवा शाफ्ट नीट बसेपर्यंत, वीस मिनिटं, रेस खाली येऊ द्यायची नाही," त्याने बजावलं. "पाय हलता कामा नये."

दीर ड्रायव्हरच्या दाराकडे वळला. बाईने हात पुढे केला.

"किल्ली द्या, भाऊजी. तुम्ही पलीकडून बसा."