दुसरा चेहरा
ऑफिस घरून चालणार म्हणून कॉम्प्युटरवाल्याने कारकून बाईंच्या एका खोलीच्या घरात मशीन मांडलं, पण स्क्रीन सारखी बंद पडायची. कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसला की मशीन आपोआप बंद व्हावं, असा साहेबांचा हुकूम होता. या नियमातून एकही मशीन सुटता कामा नये, असंही बजावलेलं. दुसरा चेहरा अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचा. टेबल कुठेही सरकवलं तरी मागे खाट यायचीच. कॉम्प्युटरवाल्याने साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. “म्हातारीला जिन्यात बसवा,” घरच्या मशीनसमोर रेललेले साहेब म्हणाले. बाईंनी सासूबाईंच्या अंगावरची चादर उगाचच सारखी केली. कॉम्प्युटरवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस आहे की पोतं? तेवढ्यात साहेबांच्या मागून बायको चहा ठेवायला वाकली आणि साहेब गायब झाले. फोन खणखणला. “अहो, माझंच मशीन बंद पडलं!” तो म्हणाला, “साहेब, वहिनींना जिन्यात बसवा.”