सगळ्यांत मागे

विमान खिंडीतल्या बर्फावर उतरलं. वैमानिकाने जर्मन जनरलच्या हातात हुकूम ठेवला: बढती मिळाली आहे, एकट्याने ताबडतोब निघून या.

कॉकेशसची ती खिंड आज सोडायचीच होती. नऊशे माणसं, त्यातली निम्मी हिमदंशाने लंगडी, आणि मागून रशियन फौज चढत येत होती. वीस वर्षं जनरलने आपल्या पहाडी पलटणीकडून एकच धडा घोटून घेतला होता. चढताना म्होरक्या पुढे, उतरताना सगळ्यांत मागे. खालचा घसरला, तर वरून दोर धरणारा भक्कम हवा.

"हुकूम आहे. माझा काय इलाज?" तो आपल्या जुन्या सार्जंटला, अलोइसला म्हणाला. नजर मात्र त्याच्या बुटांवर होती.

बोटं झडलेला, पट्ट्यांत गुंडाळलेला हात अलोइसने कपाळाला लावला. "निघा, साहेब. ढग उतरायच्या आत निघा. तुमचा दोर तेवढा ठेवून जा."

विमान उठलं. खाली माणसांची रांग उतरू लागली होती. सगळ्यांत मागे अलोइस दोन्ही हात पसरून उभा होता, आणि कुणीतरी जनरलचा दोर त्याच्या कमरेला बांधून देत होतं.